सारायेव्होहून, काकांच्या प्रश्नावर

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून टाईप करतेय, बाबा चष्मा लावून वाचतील आणि आईला वाचून दाखवतील हे धरून चाललेय, आणि काका रविवारी चहाला आले की त्यांनाही दाखवा कारण अर्धं पत्र त्यांच्यासाठीच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले ना, की भावाभावांची मारामारी चालू असेल तर बाहेरच्याने मध्ये पडू नये, पडला की दोघं मिळून त्यालाच धोपटतात, आणि यूएन म्हणजे पांढऱ्या गाड्या आणि फुकटचा भत्ता, तेव्हा मी हसून विषय बदलला कारण नेटवर्क जात होतं आणि आई मागून जेवलीस का जेवलीस का चालू होती. जेवते गं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण माझी इथली नोकरीच त्या मध्ये पडण्यातून आलेली आहे, युरोपातल्या एका बँकेचं कर्ज, त्यातून पाण्याच्या पाईपलाईनचं काम, आणि त्यासाठी पुण्याहून एक बाई आणलेली.

शेजारच्या काकूंना अजून वाटतं मी रशियात आहे, त्यांनाही एकदा सांगून टाका. हा बोस्निया, जुन्या युगोस्लाव्हियाचा तुकडा. १९९१ च्या जनगणनेत इथे सुमारे ४४ लाख लोक होते, बोस्नियाक म्हणजे मुसलमान, सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स, क्रोएट म्हणजे कॅथलिक, एका बिल्डिंगमध्ये एका जिन्यात राहणारे, एकमेकांच्या लग्नात नाचणारे, कितीतरी घरांत नवरा एक आणि बायको दुसरी. देश फुटला आणि १९९२ ते १९९५ मध्ये लाखभर माणसं मेली, २० लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं म्हणजे जवळजवळ निम्मा देश. सारायेव्हो दरीत आहे, चारी बाजूंनी डोंगर, त्या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याने तोफा लावल्या आणि खाली शहर १४२५ दिवस वेढ्यात, आठ वर्षांपूर्वी म्हणजे १९८४ ला जिथे हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं त्याच शहरात. ऑलिम्पिकचा बॉबस्लेचा ट्रॅक अजून त्रेबेविच डोंगरावर पडून आहे, ग्राफिटीने रंगवलेला, आम्ही रविवारी तिथे फिरायला जातो. केबल कार २०१८ ला परत सुरू झाली. मात्र देशात बऱ्याच ठिकाणी पायवाट सोडून रानात शिरायचं नाही, सुरुंग सगळे निघालेले नाहीत, लाल पाटीवर कवटी काढलेली असते. आई हे वाक्य वाचून फोन करू नकोस, मी पायवाटेवरच असते.

आता कामाचं, बाबा हे तुमच्यासाठी. या शहरात पाण्याचा तोटा नाही, इलिजा म्हणून भाग आहे तिथे जमिनीखाली भरपूर आणि इतकं स्वच्छ पाणी आहे की बघत राहावं, पण पंपाने चढवलेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास वाटेतच गायब. काही गळतीत, काही मीटरशिवाय. २०१७ च्या सुमारास तर रात्री पाणी बंद करायचे रोज. म्हणून आमचं काम रात्रीचं, दोन अडीचला, गावात नळ बंद असतात तेव्हा रस्त्यावर लोखंडी दांडी टेकवायची आणि दुसरं टोक कानाला. यंत्रं आहेत, चांगली जर्मन यंत्रं आहेत, पण आमचा जुना मिस्त्री दांडीच वापरतो आणि यंत्राच्या आधी सांगतो, तुमचे पाटबंधारे खात्यातले चावीवाले जसे नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्ह किती फेरे उघडलाय ते सांगायचे. गळकी पाईप सापडली की तो जमिनीला दोन बोटं लावतो, पुटपुटतो, आणि पिवळ्या खडूने फुली मारतो. बऱ्याच लाईनी युद्धाआधीच्या, वरून गोळे पडून पडून सांधे निखळलेले, आणि चार वर्षं दुरुस्ती शून्य.

माझ्याबरोबर जो इंजिनिअर आहे तो वेढ्याच्या वेळी शाळकरी होता. पाण्याच्या विहिरी वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात, त्यामुळे नळ त्यांच्या मर्जीवर. शहरात एक जुनी बिअरची फॅक्टरी आहे, तिला स्वतःचा झरा, तिथे लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे, हिवाळ्यात कॅन स्लेजवर बांधून ओढत न्यायचे. रांगेवर गोळे पडायचे. त्याची आजी एकच पाणी किती वेळा वापरायची ते त्याने मला सांगितलं, तोंड धुतलेलं तसराळ्यात धरायचं, त्यात मोजे धुवायचे, त्या पाण्याने जिना पुसायचा, आणि उरलेलं संडासात. हे तो हसत हसत सांगतो, इथले सगळेच हसत सांगतात, मला आधी विचित्र वाटायचं.

त्याच काळात टेक्सासचा एक इंजिनिअर इथे आला, फ्रेड क्युनी, आपत्तीत मदत करायची हाच त्याचा धंदा. त्याने पाणी शुद्ध करायचा प्लांट विमानात मावेल अशा तुकड्यांत बनवून घेतला, लष्करी मालवाहू विमानातून सारायेव्होच्या विमानतळावर उतरवला आणि डोंगरातल्या जुन्या रस्त्याच्या बोगद्यात बसवला, वरून गोळे पडले तरी धक्का लागू नये म्हणून. मिल्याट्स्का नदीचं पाणी उचलायचं, गाळायचं, वर टाक्यांत चढवायचं. बाबा, नुसतं विचार करा, वीज नाही, स्पेअर नाही, स्नायपर आहेत, आणि हा माणूस गुरुत्वाकर्षणाचा हिशोब करतोय. आणि गंमत म्हणजे प्लांट तयार झाल्यावर पाणी पिण्यालायक आहे की नाही यावरून शहरातल्याच अधिकाऱ्यांच्या परवानगीत तो अडकला. आपल्याकडे असतं तर ठेकेदाराचं नाव आलं असतं, इथेही लोक तसंच काहीतरी बोलतात. पुढे १९९५ मध्ये क्युनी चेचन्यात बेपत्ता झाला, सापडलाच नाही. मला विचाराल तर बाहेरून आलेल्यांत माझ्या लेखी पहिला नंबर याचा.

आता काका. पांढऱ्या गाड्यांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते इथले लोक तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत सांगतात. पण आधी हे ऐका, यूएनची जी फौज इथे पहिल्यांदा आली तिचे पहिले कमांडर आपले होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आणि ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. मार्च १९९२ पासून वर्षभर. म्हणजे सारायेव्होत पहिलं मुख्यालय थाटणारा माणूस आपल्या बेळगावच्या रेजिमेंटचा, हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणाला पत्ता नव्हता. फौज मुळात क्रोएशियातल्या शांततेसाठी पाठवलेली, मुख्यालय इथे ठेवलं कारण इथे शांत आहे असा समज, आणि महिन्याभरात इथेच पेटलं. शांतता राखायला पाठवलेत आणि शांतताच नाही, हुकूम असा की स्वतःवर हल्ला झाला तरच गोळी चालवा. अशा हुकमावर शिवाजी महाराजांचं सैन्य पाठवलं असतं तरी काय झालं असतं.

मग काय केलं यूएनने, तर जेवण आणलं. जुलै १९९२ पासून जानेवारी १९९६ पर्यंत विमानाने दीड लाख टनांहून जास्त माल उतरवला, दुसऱ्या महायुद्धानंतर वेढलेल्या बर्लिनला विमानाने माल पुरवला होता त्यापेक्षाही जास्त दिवस चाललेली ही मदत, आणि त्याशिवाय हे शहर जगलं नसतं हे इथले लोकही मान्य करतात. पण विमानतळ यूएनच्या ताब्यात आणि शहरातल्या माणसाने रात्री धावपट्टी ओलांडून पळायचं म्हटलं तर यूएनचेच सैनिक सर्चलाईट मारून परत पाठवायचे. म्हणून १९९३ मध्ये लोकांनी त्या धावपट्टीच्या खालून कुदळ-फावड्यांनी बोगदा खणला, आठशे मीटरच्या आसपास, उंच माणसाला वाकूनच जावं लागेल असा, त्यातून पीठ, बंदुका, जखमी, बकऱ्या, पुढे विजेची केबलसुद्धा. थोडा भाग बघायला ठेवलाय, मी आत गेले होते, पायाखाली पाणी आणि छोटे रूळ. आणि डबाबंद बीफ जे मदतीत यायचं ते इतकं भयंकर होतं म्हणे की कुत्रीही तोंड लावायची नाहीत, तर २००७ मध्ये सारायेव्होकरांनी त्या डब्याचा भलामोठा पुतळा उभारला, खाली लिहिलंय की आंतरराष्ट्रीय समुदायास, कृतज्ञ नागरिकांकडून. पुणेकरांनी इथे येऊन शिकावं असा टोमणा आहे हा, आणि तोही भर शहरात.

पण काका, जेवण देणं आणि तोफ थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा हा सुरक्षित भाग जाहीर केला, आजूबाजूचे लोक जीव मुठीत धरून तिथे जमले, राखायला थोडेसे डच सैनिक. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिचचं सैन्य आत शिरलं, बायका-पोरांना बसमध्ये घातलं आणि ८००० हून जास्त पुरुष आणि मुलगे काही दिवसांत मारले. जाहीर केलं नसतं तर त्यातले काही तरी डोंगरातून आधीच निसटले असते असं इथले लोक म्हणतात, आणि त्यावर मला उत्तर देता येत नाही. मी पोटोचारीला, त्यांच्या दफनभूमीवर, गेले होते, त्याबद्दल इथे नाही लिहीत, आल्यावर बोलू. ऑगस्टच्या शेवटी सारायेव्होच्या मार्काले बाजारात गोळा पडून ४३ माणसं गेली तेव्हा नाटोने विमानं पाठवली, तीनेक आठवडे बॉम्ब टाकले, त्याच सुमारास क्रोएट आणि बोस्नियाक सैन्यही जमिनीवर पुढे सरकत होतं, आणि नोव्हेंबरात सगळे करारावर आले. साडेतीन वर्षं जे होऊ शकत नाही असं सांगत होते ते असं चटकन झालं. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं तेव्हाच वरात थांबली. म्हणून मध्ये पडू नये हे तुमचं वाक्य मला इथे उभं राहून म्हणता येत नाही. त्यांनी मध्ये पडल्याचं सोंग केलं तीन वर्षं, त्याची किंमत मोठी.

करार झाला अमेरिकेत डेटन नावाच्या गावी, हवाई दलाच्या तळावर, तिन्ही बाजूंच्या नेत्यांना कोंडून घातल्यासारखं करून, सही पॅरिसला १४ डिसेंबर १९९५. त्यानंतर नाटोची ६० हजार फौज आली आणि बंदुका खरंच थांबल्या, परत सुरू झाल्या नाहीत, हे तीस वर्षांनी लहान वाटतं पण लहान नाहीये. भानगड पुढची आहे. देशाचे दोन भाग केले, ५१ टक्के बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला आणि ४९ टक्के रिपब्लिका सर्प्स्का म्हणजे सर्बांच्या भागाला, म्हणजे युद्धात ज्याने जिथून ज्यांना हाकललं त्या रेघा बऱ्याच अंशी तशाच नकाशावर आल्या. देशाची राज्यघटना म्हणजे त्या कराराची चौथी पुरवणी. राष्ट्राध्यक्ष एक नाही तीन, एक बोस्नियाक एक सर्ब एक क्रोएट, आळीपाळीने आठ आठ महिने अध्यक्षपद. फेडरेशनचे आणखी दहा कॅन्टन म्हणजे प्रांत, प्रत्येकाचं मंत्रिमंडळ, प्रत्येकाचा शिक्षणमंत्री. ब्रच्को नावाच्या गावाचा वेगळा जिल्हा. सगळी मिळून चौदा सरकारं, आणि २०१३ ला माणसं मोजली तर साधारण ३५ लाख, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ ला होती त्याहून थोडीच जास्त. एक ना धड भाराभर चिंध्या.

काका, शनिवारातला आपला वाडा आठवा. तीन भावांची केस, कोर्टाने जैसे थे दिला, आणि तो हंगामी हुकूम म्हणता म्हणता पंचवीस वर्षं राहिला, कोणाला कोणी मारलं नाही पण गॅलरी पडली तरी खांब लावता येईना कारण खांब लावला की दुसऱ्याचा वकील उभा. डेटन म्हणजे अगदी तेच, मारामारी थांबवायला काढलेला स्टे, त्यालाच पुढे घर म्हणायची वेळ आली. आणि त्या तीन भावांत जो बसत नाही त्याचं काय? याकोब फिन्सी ज्यू आहेत, डेर्वो सेजदिच रोमा म्हणजे जिप्सी आहेत, घटनेप्रमाणे दोघंही राष्ट्राध्यक्षपदाला उभेच राहू शकत नाहीत. दोघं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, २००९ ला जिंकले. घटना अजून तीच. आणि जो म्हणतो मी नुसता बोस्नियन, मला यातलं काहीच लावू नका, त्यालाही जागा नाही, माझ्या ऑफिसात असे तिघं-चौघं आहेत, आई एक बाप दुसरा.

आता उलटी बाजू सांगते कारण मला स्वतःला तीच जास्त आवडते. युद्धानंतर गाड्यांच्या नंबर प्लेटवरून कळायचं की गाडी कुठल्या बाजूची, त्यामुळे रेघ ओलांडून कोणी गाडी नेईना, नेली तर दगड. १९९८ मध्ये करार राबवायला नेमलेल्या परदेशी प्रतिनिधीच्या ऑफिसने सगळ्या देशाला एकसारखी प्लेट लावली, त्यात गावाचा कोड नाही आणि अक्षरं फक्त अशी जी रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. बास. भाषण नाही, परिषद नाही, सलोखा सप्ताह नाही. काही महिन्यांत लोक इकडून तिकडे जायला लागले, मावशीला भेटायला, जुनं घर लांबून बघायला, स्वस्त सिगरेटी आणायला. मी रोज पार्किंगमध्ये त्या प्लेटी बघते आणि ज्या कारकुनाला ही अक्षरांची युक्ती सुचली त्याचं नाव कुठेच नाही याचं वाईट वाटतं.

पैशाचंही तसंच. चलन जर्मन मार्कला बांधलं, नाव कन्व्हर्टिबल मार्क, जर्मनांचा मार्क कधीच गेला पण इथला चालू आहे, १ युरोला १.९५५८३, इतकी वर्षं हललेला नाही. घटनेतच लिहिलं होतं की सेंट्रल बँकेचा पहिला गव्हर्नर या देशाचा किंवा शेजारच्या देशाचा नसावा, तो नाणेनिधीने नेमला, बाहेरचा माणूस. आणि तडजोड कशी तर बहुतेक नोटांची दोन डिझाईन, किंमत तीच, एकीवर या बाजूचा लेखक आणि दुसरीवर त्या बाजूचा, एकीवर आधी रोमन आणि दुसरीवर आधी सिरिलिक. भाजीवाली दोन्ही घेते, बघतही नाही. राष्ट्रगीताला चाल आहे, शब्द नाहीत, शब्दांवर एकमत होईना. दादाला सांगा, मॅचच्या आधी खेळाडू नुसते उभे असतात तोंड मिटून.

घरं परत देणं हे त्याहून मोठं काम. पळून गेलेल्यांच्या घरात दुसरीकडून पळून आलेले राहत होते, आणि करारात लिहिलं होतं की मूळ मालकाला घर परत. पहिली काही वर्षं कोणी हलेना, मग १९९९ पासून परदेशी लोकांनी एकच नियम सगळीकडे लावला, राजकारण बाजूला, फाईल नंबरप्रमाणे, जो अधिकारी अडवेल त्याला काढा. दोन लाखांहून जास्त दावे, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. आपल्याकडे एक मिळकत पत्रिका दुरुस्त करायला नाकी नऊ येतात बाबा. पण खूप जणांनी ताबा घेतला आणि घर विकून टाकलं, कारण घर मिळालं तरी शेजारी नव्हते, शाळा त्यांची, पोलीस त्यांचे. आमच्या मिस्त्रीने तसंच केलं, किल्ली घेतली, दोन दिवस राहिला, बागेतल्या प्लमच्या झाडाची फांदी कापून आणली कलम करायला, आणि घर दिलं विकून.

मोस्तारला गेले होते सुट्टीत, तो फोटो पाठवला होता ना कमानीच्या पुलाचा. १५६६ ला ऑटोमन काळात बांधलेला, नेरेत्वा नदी खाली हिरवीगार. ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट तोफांनी पाडला, आणि लक्षात घ्या की हेच क्रोएट आणि बोस्नियाक आधी एका बाजूने लढत होते. हंगेरीच्या सैन्यातल्या पाणबुड्यांनी नदीतून दगड वर काढले, मग जवळच्याच खाणीतला तोच पांढरट दगड, तेनेलिया म्हणतात, जुन्या पद्धतीने घडवून पूल परत उभा केला, पैसा जागतिक बँक, तुर्कस्तान, इटली, हॉलंड, खुद्द क्रोएशियाचा. २३ जुलै २००४ ला उघडला, आले सगळे मोठे लोक, फटाके वगैरे. सुंदर आहे. दगडावर हात ठेवला तर कडा इतक्या सफाईदार की नवा आहे हे कळतं, पावलांनी झिजलेला भाग मधोमधच चमकतो, त्यावर आडव्या दगडी पट्ट्या आहेत पाय घसरू नये म्हणून, तरी मी घसरले, जपानी आजोबांनी धरलं. आणि मग हॉटेलवाला विचारतो तुम्हाला पूर्वेच्या बस स्टँडला सोडू की पश्चिमेच्या. पूल जोडला, बस स्टँड दोन. २००८ ते २०२० बारा वर्षं इथे महापालिकेची निवडणूकच झाली नाही कारण कोणाची मतं कशी मोजायची यावर एकमत नाही, आपल्याकडे २०२२ नंतर प्रशासक बसला तर काका किती चिडायचे. इथल्या इर्मा बारालिया नावाच्या बाई मतदानाचा हक्क मागत स्ट्रासबर्गला गेल्या, २०१९ ला जिंकल्या, मग डिसेंबर २०२० ला मतदान झालं. बागेत २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा उभारला, कारण तिन्ही बाजूंच्या पोरांना आवडणारा दुसरा कोणी सापडेना.

आणि शाळा. मोस्तारची जुनी जिम्नॅशियम, म्हणजे हायस्कूल, ऑस्ट्रियन काळातली नारिंगी इमारत, जिथे लढाईची रेघ होती अगदी तिथे. आत एकाच छताखाली दोन अभ्यासक्रम, क्रोएट मुलांचा वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा, इतिहासाची पुस्तकं वेगळी. देशभर अशा पन्नासेक शाळा, काहींत तर दारं वेगळी आणि मधल्या सुट्टीची वेळ वेगळी. त्याच इमारतीत २००६ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, आपल्या मुळशीला जे महिंद्रा कॉलेज आहे त्याचंच भावंड, तिथे मात्र सगळी एकत्र बसतात. मुळशी म्हटल्यावर वॉचमनकाका उठून उभे राहिले, त्यांच्याकडे कधीतरी पुण्याची एक मुलगी होती म्हणे, पोहे करायची.

आता राहिला वरचा साहेब. हाय रिप्रेझेंटेटिव्ह, परदेशी, कोणी निवडून न दिलेला, १९९७ पासून त्याला अधिकार की कायदा लादायचा, निवडून आलेल्याला काढायचं. पॅडी ॲशडाऊन होते तेव्हा २००४ मध्ये एका दिवसात साठेक जणांना घरी बसवलं. पुढे आलेले श्मिट यांनी २०२२ ला मतदान संपल्या संपल्या त्याच रात्री निवडणूक कायदा बदलला, मतपेट्या अजून उघडायच्या होत्या. यांचे आदेश धुडकावले म्हणून सर्ब नेते दोदिक यांना २०२५ मध्ये इथल्याच कोर्टाने शिक्षा सुनावली. प्लेट, झेंडा, चलन यातलं बरंचसं याच अधिकारातून आलं म्हणून मला सरसकट वाईट म्हणता येत नाही, पण रोज बघते ते असं की इथल्या पुढाऱ्याला अवघड निर्णय घ्यायचाच नसतो, तो साहेब घेईल, आणि मग संध्याकाळी टीव्हीवर साहेबाला शिव्या. पाणीपट्टी वाढवल्याशिवाय आमच्या पाईपा बदलणार नाहीत हे सगळ्यांना माहितीये, कोणी वाढवत नाही, सगळे म्हणतात परदेशी बँक आहे ना. आमचं कर्ज मंजूर झाल्यावर कुठला विभाग सही करणार यातच इतका वेळ गेला की तोवर त्याच रस्त्यावर नवीन डांबर पडलं होतं. हे ऐकून बाबा हसले असणार.

म्हणून काका, माझं मत लिहून देते, सही करून. यायला हवं होतं, आणि लवकर यायला हवं होतं, आल्यावर प्लेट, पैसा, घराची किल्ली, पाणी ही कामं जशी केली तशीच करायची होती, पण कोण कोणाचा हे घटनेत कोरून ठेवायला नको होतं, आणि जायची तारीख ठरवायला हवी होती. ब्रच्कोत अमेरिकन देखरेख होती, तिथे २००१ च्या सुमारास शाळा एकत्र केल्या, एक वर्ग, एक दार, आणि २०१२ ला देखरेख थांबवली, शाळा एकत्रच आहेत.

आणि याय्त्सेची गोष्ट सांगायचीच राहिली. छोटं गाव, मधोमध धबधबा. तिकडच्या कॅन्टनच्या एका शिक्षणमंत्री बाई मागे म्हणाल्या होत्या की सफरचंद सफरचंदात आणि पेर पेरांत, मिसळायचं नसतं. २०१६ ला त्या गावातली एकत्र असलेली शाळा जातीप्रमाणे वेगळी करायचं ठरलं, तर दहावी-अकरावीची पोरं रस्त्यावर आली, क्रोएट बोस्नियाक मिळून, सुट्टीतसुद्धा मोर्चे, आणि २०१७ ला सरकारने तो बेत सोडला. आमच्या ऑफिसातली सगळ्यात ज्युनिअर मुलगी तिकडची आहे. तिला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली सगळे तेच विचारतात, तू लीकेजचे आकडे पाठव. हुशार आहे, पुढच्या वर्षी जर्मनीला चाललीये, व्हिसाची तारीख मिळालीये. तिच्या वर्गातले निम्मे तिकडेच आहेत.

बाकी ठीक. आई, मेतकूट संपलं, कोणी येणार असेल तर पाठव, कुरिअरला देऊ नकोस, मागच्या वेळी कस्टमवाल्यांनी फोडून हुंगून बघितलं होतं. बाबा, तुमच्याकडे गळती मोजायच्या जुन्या वह्या असतील माळ्यावर, रात्रीच्या प्रेशरचे तक्ते काढायचात ना तुम्ही, त्यांचे फोटो काढून पाठवा, मिस्त्रीला दाखवायचेत, तो म्हणतो भारतात दांडी कोणी वापरत नसेल. वहिनीला म्हणावं पिल्लूच्या वाढदिवसाला मी सकाळीच फोन करेन, तुमच्या सकाळी. आणि काकांनी उत्तर फोनवर द्यायचं नाही, लिहून पाठवायचं.

तुमची लेक